बाळ की वार? भ्रूणातील पहिला निर्णय

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून तिच्या आईच्या बीजाचे फलन शरीराबाहेर, काचपात्रात झाले होते. अशा भ्रूणात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना सूक्ष्मदर्शकातून दिसतात. पण त्यांतून पुढे बाळ कोणत्या पेशींचे होणार आणि बाळाला पोसणारी वार कोणत्या पेशींची, हे कशाने ठरते याचे उत्तर तेव्हा जगात कोणापाशीच नव्हते.

प्रश्न जुनाच होता. १९५९ साली पोलंडच्या तारकोव्स्की यांनी उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी नष्ट केली. उरलेल्या एकीपासून संपूर्ण उंदीर जन्मला. म्हणजे त्या अवस्थेत पेशीची वाट ठरलेली नसते. पुढे तीन-चार दिवसांतच उंदराचा भ्रूण पोकळ चेंडूसारखा होतो. त्याच्या भिंतीपासून वारेचा बराचसा भाग बनतो, तर आतल्या लहानशा पुंजक्यापासून गर्भ. जनुके तर सर्व पेशींत तीच! मग वाटा वेगळ्या का?

पहिला धागा १९८९-९० मध्ये हाती आला. जर्मनीत हान्स शोलर यांना, तसेच इतर काही गटांना, उंदराच्या भ्रूणात ऑक्ट-४ नावाचे प्रथिन सापडले. हे प्रथिन डीएनएला चिकटते आणि काही जनुके चालू, तर काही बंद ठेवते. १९९८ साली जेनिफर निकोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ऑक्ट-४ नसलेल्या भ्रूणात चेंडू तयार होतो, पण आतल्या पेशीही भिंतीसारख्या बनतात. गर्भ घडत नाही. २००० साली हितोशी निवा यांनी मूलपेशींवर प्रयोग केले. ऑक्ट-४ घटले की पेशी वारेच्या वाटेने जात. दुपटीहून कमी वाढ झाली, तरी तिसरीच वाट धरत. प्रथिन आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, ते किती आहे हेही महत्त्वाचे. २००५ साली दुसरी बाजूही कळली. सीडीएक्स-२ हे प्रथिन वारेच्या बाजूचे असून ही दोन प्रथिने परस्परांना दडपतात.

हे सारे उंदराचे. माणसाचे काय? २००९ साली परळच्याच त्या संस्थेतून (तोवर तिचे नाव बदलले होते) किंड-१ व किंड-२ या मानवी मूलपेशींच्या दोन वंशावळी प्रसिद्ध झाल्या. त्यासाठीचे भ्रूण जोडप्यांनी दान केलेले होते. या पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणांपैकी एक होती ऑक्ट-४. मात्र २०१७ साली लंडनमध्ये कॅथी नियाकन यांच्या गटाने मानवी भ्रूणातील ऑक्ट-४चे जनुक निकामी केले, तेव्हा बहुतेक भ्रूण नीट चेंडूच्या अवस्थेपर्यंतही पोचले नाहीत. उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना जपूनच राहायला हवे.

उपचारांतील कित्येक भ्रूण आजही याच टप्प्यावर थांबतात. त्यांतल्या प्रत्येकामागे एका जोडप्याची आशा असते, म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

वर्गात आपण जनुकांना जीवाचा आराखडा म्हणतो. त्यापुढे एक प्रश्न जरूर विचारावा: आराखडा सर्व पेशींत एकच असेल, तर त्यातले कोणते पान कधी उघडायचे, हे कोण ठरवते?