पोट सुटलेल्या नळीची कुळकथा

वैरागला बार्शी-सोलापूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मी गेलो होतो तो क्लचची केबल बदलायला. मिस्त्रींचा हात मात्र दुसऱ्याच कामात अडकलेला. समोर एक जुनी आरएक्स १००, टाकीचा रंग उडालेला, सायलेन्सर काढून गोणपाटावर आडवा टाकलेला, आणि शेजारी विशीतला मालक. त्याला सायलेन्सरमधली जाळी कायमची काढून हवी होती. मिस्त्रींनी नळीवर पान्हा टकटकवला. ‘‘आवाज वाढंल, पर गाडी वडायची न्हाई. हिचं समदं पोटात हाय.’’

केबल पडली थोडा वेळ तशीच. हे पोट कुठून आलं, ती गोष्ट मला ठाऊक होती. ती अशी एका वाक्यात कुणी सांगितलेली मात्र ऐकली नव्हती.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची कटकट नसते. ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि पिस्टनच वरखाली होत त्या उघडतो-मिटतो. पिस्टन खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या पेट्रोल-हवेची. काही क्षण दोन्ही सताड उघड्या. पुढच्या दाराने आलेले पाहुणे न जेवताच मागच्या दाराने निघून जावेत, तसं ताजं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं. स्वस्त, हलकं, सुटसुटीत इंजिन. पण जन्मतःच गळकं.

महायुद्धाआधी यावर जर्मनीतल्या त्शोपाऊच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने जो उपाय काढला होता तो पैलवानी होता: हवा कोंबायला आणखी एक पंप जोडायचा. गळती होते ना, मग भरायचंच जास्त. १९३८ साली एवाल्ड क्लूगे यांनी अशाच २५० सीसीच्या गाडीवर आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकली. पेट्रोल भरमसाट खायची आणि कानठळ्या बसवायची.

मग युद्ध झालं, आणि १९४६ साली मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुपरचार्जरवर, म्हणजे असा हवा कोंबणारा पंप लावण्यावर, बंदी घातली. टू-स्ट्रोकचा निकालच लागला म्हणायचा. कुबडी काढून घेतल्यावर लंगडा चालणार कसा?

त्शोपाऊ आता पूर्व जर्मनीत गेलं होतं. कारखान्याचं नाव पुढे एमझेड झालं. युद्धकाळात पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेले वाल्टर काडेन १९५३ साली तिथल्या शर्यत विभागाचे प्रमुख झाले. पैसा नाही, चांगला धातू मिळायची मारामार. होता तो धूर. नळीतून धूर नुसता बाहेर पडत नाही, त्याच्याबरोबर दाबाची एक लाट धावते, आणि लाटेला परत फिरवता येतं. पश्चिम जर्मनीत नव्याने उभ्या राहिलेल्या डीकेडब्ल्यूत एरिख वोल्फ यांनी या कल्पनेला हात घातलेला होता. काडेननी ऑसिलोस्कोप लावून त्या लाटा डोळ्यांनी पाहिल्या आणि कल्पनेचं शास्त्र केलं.

विहिरीत वाकून हाक मारली की हाक परत येते, हे आपल्याला ठाऊक असतं. सनईच्या रुंदावत जाणाऱ्या तोंडाकडूनही लाट परत येते, पण उलटी होऊन: ढकलायच्या ऐवजी ओढत. काडेनच्या नळीत या दोन्ही करामती एकामागून एक आहेत. नळी आधी रुंदावते. तिथून परतलेली लाट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि त्याच्यामागे ताजं पेट्रोलही खेचते. त्यातलं थोडं नळीत सांडतंच. एवढ्यात नळी पुन्हा आकसते. तिथे आपटलेली लाट ढकलत परत येते आणि सांडलेलं पेट्रोल खिडकी मिटण्याच्या आत सिलिंडरमध्ये घालते. मधलं फुगलेलं ते पोट. पंपावर बंदी होती ना? पंप नाहीच. पत्र्याची एक नळी आहे, तिच्यात हलणारा एकही भाग नाही, आणि काम मात्र पंपाचं. नियमावलीच्या कुठल्या कलमात हे बसवणार?

सगळा खेळ वेळेचा. मिनिटाला १० हजार फेरे म्हणजे एका फेऱ्याला ६ मिलीसेकंद, आणि धुराची खिडकी उघडी असते त्याच्या निम्मा वेळ. तापलेल्या धुरातली लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते असं धरलं, तर ३ मिलीसेकंदांत जाऊन-येऊन दीड मीटर. म्हणजे वळण पाऊण मीटरच्या आतबाहेर हवं. दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर लाट लवकर येते किंवा बंद खिडकीवर येऊन आपटते. १९६१ पर्यंत काडेनच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, लिटरमागे २००. बिनपंपाच्या इंजिनातून एवढी ताकद त्याआधी कुणी काढलेली नव्हती.

पुढची गोष्ट सिनेमातली वाटावी अशी. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीला एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर गुणतक्त्यात सर्वांत पुढे होता. शर्यतीत त्याचं इंजिन बिघडलं, आणि तो परत गेलाच नाही. त्याची बायको-मुलं मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेला पोचली होती. डेग्नर जपानला, हमामात्सुला सुझुकीकडे गेला. डोक्यात काडेनची विद्या, आणि सांगतात त्याप्रमाणे, थोडी सामानातही. १९६२ साली ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीवर डेग्नरने मिळवलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं जगज्जेतेपद. काडेनच्या कारखान्याला स्वारांचं जगज्जेतेपद कधीच लाभलं नाही. विहीर खणली एकाने, मोट चालली दुसऱ्याच्या शेतात.

आता लाट तर ठरावीक फेऱ्यांनाच साथ देते. त्या पट्ट्याच्या खाली आलात की गाडी मेली. म्हणून गिअर वाढवायचे. सुझुकीच्या दोन सिलिंडरच्या ५० सीसी गाडीला १४ गिअर होते. पन्नास सीसी म्हणजे आपली लूना, तिला चौदा गिअर! होंडाने २५० सीसीत सहा सिलिंडर घातले, १२५ मध्ये पाच. ही हौस परवडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा संघटनेने पुन्हा लगाम ओढला: १९६९ पासून ५० सीसीला एकच सिलिंडर आणि सहाच गिअर, १९७० पासून १२५ आणि २५० ला दोन सिलिंडर. नियमांनी कल्पकता मारली, अशी हळहळ यावर आजही ऐकू येते. मला ती पटत नाही. १४ गिअरची गाडी अप्रतिम होती हे कबूल, पण तिच्यातलं काय गॅरेजात उतरणार होतं? नियम बदलल्यावर १९६९ साली स्पेनच्या छोट्याशा डर्बी कारखान्याच्या गाडीवर आंखेल नियेतो ५० सीसीचा जगज्जेता झाला. यामाहाच्या विकत मिळणाऱ्या दोन सिलिंडरच्या गाड्या घेऊन खाजगी स्वार मैदानात उतरले. त्याच घराण्यातली रस्त्यावरची आरडी ३५० आपल्याकडे १९८३ साली ‘राजदूत ३५०’ म्हणून आली.

होंडाला टू-स्ट्रोकचं वावडं. ५०० सीसीत चारापेक्षा जास्त सिलिंडर चालत नव्हते, म्हणून १९७९ साली त्यांनी लांबट गोल पिस्टन केला, एकेका पिस्टनला दोन-दोन कनेक्टिंग रॉड आणि आठ-आठ व्हॉल्व्ह. आठ सिलिंडरचं इंजिन चार म्हणून दाखवायचं. डोकं केवढं! पण ती एनआर ५०० एकही ग्रां प्री जिंकली नाही. शेवटी होंडानेही तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी केली, आणि १९८३ साली फ्रेडी स्पेन्सर तिच्यावर जगज्जेता झाला.

हे सगळं भांडण दोन-तीन वर्षांत भारतात १०० सीसीच्या रूपाने उतरलं. इंड-सुझुकी, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, बजाजची कावासाकी: तिघी टू-स्ट्रोक. हीरो होंडा एकटी फोर-स्ट्रोक. हीरो होंडाची सीडी १०० आणि आरएक्स दोन्ही १९८५ च्या. होंडाची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती. आरएक्सच्या ९८ सीसीतून ११. फरक अर्थात नुसत्या नळीचा नाही, पण नळी वजा करून तो भरून निघणारही नाही. शर्यतीच्या गाडीवर पोट उघडं दिसतं. आरएक्सवर ते सौम्य करून क्रोमच्या लांब नळकांड्यात झाकलेलं.

गावाकडचे लोक पेट्रोलच्या हिशेबाने होंडाकडे गेले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. लाट कितीही हुशार असली तरी थोडं पेट्रोल सांडतंच, तेल जळतंच. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. शर्यतीतही २००२ साली ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना दार उघडलं. ५०० सीसी टू-स्ट्रोकने त्यांच्यासमोर टिकायचं कसं, ते कुणी सांगावं? २०१२ साली १२५ चा वर्गही गेला. त्याजागी २५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. त्या वर्गाचा पहिला जगज्जेता केटीएमवर झाला, आणि त्याच वर्षी चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएम ड्यूक २०० आपल्या रस्त्यांवर आली. बार्शी रस्त्याला आता अंगावरून सुसाट जातात त्या याच.

मिस्त्रींनी एव्हाना माझी केबल बसवली होती. त्या पोराला ते स्पार्क प्लग दाखवत होते. टोकाला बिस्किटाचा रंग. ‘‘पांढरा असता तर पेट्रोल कमी, काळा असता तर जादा. ह्यो बराबर हाय. कशाला हात लावतू?’’ पोराने मोबाईलवरचा एक फोटो पुढे केला: जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले, त्यांच्यावरून रोडरोलर चाललेला. ‘‘हे बघा, समद्यांनी जाळ्या काढल्यात.’’

मिस्त्रींनी फोटो जवळ घेऊन पाहिला. ‘‘ह्यात आरएक्सचा एक बी न्हाई,’’ असं म्हणत त्यांनी जाळी परत आत सरकवली आणि स्क्रू आवळला.