पदवी भाषेची, प्रश्न भाकरीचा

मराठी घेऊन एम. ए. झालेल्यांना नोकरी मिळाली नाही की दोष पदवीस दिला जातो. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कंपनीच्या तरुण अंमलदारांस देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू. तेथे विल्यम केरी मराठीही शिकवीत. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यांच्या हाताखाली वैजनाथ पंडितांना वेतन मिळे. 1831 च्या मोल्सवर्थकृत कोशासाठी शब्द वेचणारे शास्त्रीही सरकारी पगारावर होते. (मुखपृष्ठावर नावे मात्र साहेबांची, असो.) या पंडितांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. राज्यकर्त्यास मराठीची गरज होती, एवढेच.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठीस रजा मिळाली. तिच्या पुनःप्रवेशासाठी न्यायमूर्ती रानडे 1901 साली निधन होईपर्यंत झटले. पुढे मराठी विद्यापीठात परतली. कचेरीतील खुर्ची मात्र इंग्रजीच्याच बळावर मिळत राहिली.

1960 नंतर चित्र काहीसे पालटले. भाषा संचालनालय निघाले, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, वाईस विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. अनुवादक, परिभाषाकार, संपादक यांना काम मिळाले ते शासनाने मराठीत कारभार करण्याचे ठरविले म्हणून.

2024 मध्ये मराठीस अभिजात दर्जा लाभला, याचा आम्हांस आनंद आहे. त्यातून अनुवादकांच्या किती जागा भरणार, असे आमच्या धर्मग्रामातील पदवीधर विचारतात. त्यांचे विचारणे आम्हांस रास्त वाटते.