सर्पगंधा आणि विषण्णता

नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळचें पठार आहे. तेथील वनौषधींची ख्याति खानदेशांत मोठी. रानांतली मुळी आणि मनाच्या विषण्णतेवरील आजची गोळी यांचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाला वाटणार नाहीं. सर्पगंधा या मुळीनें मात्र तो जोडून दिला.

आपल्याकडील वैद्य ही मुळी उन्मादावर देत आले. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ती उन्मादाप्रमाणेंच रक्तदाबावरहि गुणकारी असल्याचें लिहिलें. तरीहि जगाचें लक्ष वेधलें तें मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं. ५० रोग्यांवरील त्यांचा अनुभव १९४९ सालीं विलायतेंतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापून आला, आणि तीनच वर्षांनीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतून रेसर्पीन हें सत्त्व वेगळें काढलें.

रक्तदाब उतरला खरा. पण औषध घेणारे कांहीं रोगी खिन्न होऊं लागले, कांहींना तर जगणेंच नकोसें झालें. हें कां व्हावें? मज्जातंतूच्या टोंकाशीं सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत सेरोटोनिनसारखीं द्रव्यें सांठविलेलीं असतात. रेसर्पीन ही सांठवण होऊं देत नाहीं. उघड्यावर पडलेलें द्रव्य मोनोअमाइन ऑक्सिडेझ हें विकर नष्ट करतें. रेसर्पिनानें सशांच्या मेंदूंतील सेरोटोनिन घटतें, हें अमेरिकेंत १९५५ च्या सुमारास दिसून आलें.

त्याच सुमारास क्षयावरील इप्रोनायझिड घेणारे रोगी विलक्षण उल्हसित दिसत होते. हें औषध त्याच विकराला रोखतें! तें आधीं देऊन मग रेसर्पीन दिलें, तर जनावर मलूल न होतां उलट चळवळें होई. १९५७ सालीं नेथन क्लाइन यांनीं तें विषण्ण रोग्यांस दिल्याचे निष्कर्ष मांडले. त्या वर्षींचें लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन या दोघांनाहि मिळालें, हा योग मोठा सूचक आहे.

या साऱ्यांतून ‘द्रव्य घटलें कीं मन खचतें’ असा सुटसुटीत सिद्धान्त निघाला. तो जरा अधिकच सुटसुटीत होता. १९५५ सालींच लंडनमधील एका प्रयोगांत रेसर्पिनानें चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांस बरें वाटल्याचें आढळलें होतें; त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. सेरोटोनिनच्या उणिवेनेंच विषण्णता येते याला सुसंगत पुरावा नाहीं, असें २०२२ सालच्या एका मोठ्या परामर्शानें म्हटलें. औषधांनीं गुण येतच नाहीं, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. कारण एक आणि उतारा दुसराच, असें वैद्यकांत पुष्कळदां घडतें.

आजच्या गोळ्या मज्जातंतूंतून सुटलेलें सेरोटोनिन परत शोषलें जाऊं देत नाहींत. तें काम कांहीं तासांत सुरू होतें. मनाला स्पष्ट उतार पडावयास मात्र बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळांत मेंदूंतील पेशी या बदलाशीं हळूहळू जुळवून घेत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मळमळ, डोकेदुखी हे त्रास तेवढे आधीं येतात, गुण मागाहून. आणि पुष्कळ रोगी गोळी टाकतात त्या याच दिवसांत.