वॅटच्या आधी ओहम

हिंगोली, औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठेही जा; देवळावर किंवा मंडपाच्या खांबाला बांधलेला भोंगा दिसतोच. लांबच्या भोंग्यांना जोडलेला छोटा ट्रान्सफॉर्मर मात्र थोड्यांनीच निरखलेला असतो. १०० व्होल्टच्या लाइनवर भोंगे जोडत जायचे, प्रत्येकाच्या वॅटची बेरीज करायची आणि ती अॅम्प्लिफायरच्या ताकदीच्या आत ठेवायची, एवढा हिशेब साऊंडवाल्याला तोंडपाठ असतो. जोडी जुळवण्याचे शास्त्र गावात आहेच. दिवाणखान्यात महागडा संच आला की नेमके तेच विसरले जाते आणि खरेदी डब्यावरच्या वॅटवर होते.

घरच्या संचात तो मधला ट्रान्सफॉर्मर नसतो; स्पीकरचे ओहम, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, थेट अॅम्प्लिफायरवर येतात. (व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची गोष्ट वेगळी, तिथे बहुधा ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके काढून दिलेली असतात.) ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही कंपनसंख्यांना ३ ओहमपर्यंत उतरू शकतो. तेवढ्याच व्होल्टला तो मग अडीचपटीहून जास्त प्रवाह मागतो. तो पुरवता आला नाही, तर नामदेवांच्या नर्सीत भजन ऐकत वाढलेल्या कानाला पखवाजाचा धुमा पोकळ वाटतो. दोष मात्र स्पीकरच्या माथी जातो.

संवेदनशीलतेचा हिशेब तर त्याहून बोलका आहे. १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर घ्या. निवांत ऐकायला एक वॅट पुष्कळ झाला. पण थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली, की त्या क्षणापुरते शंभरपट, म्हणजे १०० वॅट लागतात. स्पीकर ९६ डेसिबलचा असेल तर १० वॅटमध्ये भागते. पॉल क्लिप्श यांनी १९४६च्या सुमारास बाजारात आणलेला, कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न स्पीकर म्हणूनच मोजक्या वॅटवर घर भरून टाकतो. तत्त्व भोंग्याचेच. आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी: तो १ वॅटला नसून २.८३ व्होल्टला दिला असेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्षात २ वॅट मिळालेले असतात आणि ३ डेसिबल फुकटचे वाढून दिसतात.

आपल्याकडे हमखास विचारतात, व्होल्टेज पडले तर? २३०चे २०७ झाले तर साध्या अॅम्प्लिफायरची कमाल ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते, म्हणजे एक डेसिबलही नाही. कानाला ते जेमतेम कळेल. मराठवाड्यातल्या मे महिन्यात खरी काळजी उष्णतेची. ‘क्लास ए’ अॅम्प्लिफायर गाणे बंद असतानाही शेकडो वॅटची ऊब खोलीत सोडत राहतो. बंद कपाटात तो ठेवू नये. माझ्या मते पंख्यावर चालणाऱ्या घरात घेऊच नये.

फरशी, पत्रे आणि उघड्या भिंतींचा परिणाम या सगळ्यावर कुरघोडी करतो. तो विषय स्वतंत्रपणे अभ्यासावा लागेल.

ओहम आणि वॅटची जोडी जुळवायला मात्र गणित दहावीपुरते पुरते. नांदेडला किंवा पुण्याला दुकानात जाल तेव्हा वॅट नंतर विचारा; आधी स्पीकरच्या ओहमचा आलेख मागा, आणि ऐकायला ओळखीच्या आवाजातले भजन सोबत न्या.