परीक्षेला न बसलेल्यांची यादी

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी एक मूलभूत मुद्दा मांडला. चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे वरवर न्याय्य दिसते. पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही, त्यांना द्याव्यात.

कारंजा लाड तेव्हा वऱ्हाडात, मुंबई इलाख्याबाहेर होते. पण प्रश्न इथलाही होता, आजही आहे. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा होते. बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता, प्रत्येकी 90 प्रश्न; निवड झाल्यास बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. पात्रतेला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 32, जागाही राखीव. फुल्यांची मागणी इथे कागदावर उतरली आहे.

परंतु अर्ज शाळेमार्फत जातो आणि परीक्षा बहुधा डिसेंबरात, ऐन कापूस वेचणीत येते. मजुराची मुलगी त्या दिवशी कुठे असेल? माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. निवड झालेल्यांची यादी लागते, न बसलेल्यांची लागत नाही. मित्रहो, ती यादी आपणच वस्तीवस्तीत जाऊन केली पाहिजे. तिच्यावाचून गुणवत्तेची चर्चा अपुरीच राहील.