‘स्ट्रेंज फ्रूट’ : एका छायाचित्रातून जन्मलेले निषेधगीत

‘स्ट्रेंज फ्रूट’ म्हणजे ‘विचित्र फळ’. अमेरिकेतील वर्णद्वेषी झुंडहत्यांविरुद्धचे हे सर्वाधिक गाजलेले गीत. बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय गायिकेमुळे ते जगभर पोहोचले. मात्र ते लिहिले एबेल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने, एक छायाचित्र पाहून.

छायाचित्र

७ ऑगस्ट १९३० च्या रात्री इंडियाना राज्यातील मॅरियन शहरात गोऱ्या जमावाने तुरुंग फोडला. थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना बाहेर ओढून ठार मारले आणि झाडाला लटकवले. लॉरेन्स बाइटलर या स्थानिक छायाचित्रकाराने फोटो काढला. वर मृतदेह, खाली स्त्री-पुरुषांची गर्दी. काही जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, एक जण मृतदेहांकडे बोट दाखवतो आहे. कोणीही तोंड लपवलेले नाही. या फोटोच्या हजारो प्रती आठवण म्हणून विकल्या गेल्या. इतके चेहरे समोर असूनही शिक्षा कोणालाच झाली नाही.

गीत

मीरोपोल न्यूयॉर्कमध्ये डेविट क्लिंटन हायस्कूलला इंग्रजी शिकवत. झुंडहत्येचा एक फोटो पाहिल्यावर तो कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. तो मॅरियनचाच होता, असे सहसा मानले जाते. त्यांनी लिहिलेली कविता १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली. पुढे चालही त्यांनीच लावली. मॅरियन उत्तरेकडे आहे, पण कवितेतले झाड दक्षिणेकडचे आहे. तिच्यात मारेकऱ्यांची नावे नाहीत. झाडाला लागलेले ‘फळ’ समोर येते आणि ते काय आहे हे कविताच सांगते.

१९३९ मध्ये हॉलिडे यांनी न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त ते गायले. गाणे कार्यक्रमाच्या शेवटी असे. वेटर थांबत, दिवे मालवले जात, उजेड फक्त त्यांच्या चेहऱ्यावर राही. त्यांच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रण नाकारले. ते काम कमोडोर या छोट्या कंपनीने केले.

आज

अमेरिकेत झुंडहत्येला केंद्रीय कायद्याने द्वेषमूलक गुन्हा ठरवायला २०२२ साल उजाडले. मारणाऱ्यांनी जो फोटो मिरवला, तोच मीरोपोल यांनी त्यांच्यावरचा आरोप केला. आपल्याकडेही जातीय अत्याचाराचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर काही मिनिटांत सगळीकडे जातात. त्यातले कित्येक खुद्द अत्याचार करणाऱ्यांनीच काढलेले असतात. असा फोटो पुढे पाठवला की निषेधाचे कर्तव्य संपले, असे आम्हाला वाटत नाही. गुन्हा नोंदला का, ॲट्रॉसिटीचे कलम लागले का, खटला कुठवर आला, हे विचारत राहिले पाहिजे. ज्यांच्या हाती लेखणी किंवा डफ आहे, त्यांनी ते गाण्यातून विचारावे.