वसिका, वतन आणि बंगला

लखनौच्या चौकात महाराष्ट्रातून आलेला पाहुणा चिकनकारी पाहतो आणि हिवाळा असेल तर मख्खन-मलई खातो. जवळच्या हुसैनाबाद भागातील वसिका कार्यालयाकडे मात्र तो सहसा वळत नाही. अवधच्या नवाबांनी व बेगमांनी ईस्ट इंडिया कंपनीला मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या होत्या. मुद्दल परत न करता त्यावरील व्याज वंशजांना व आश्रितांना निरंतर द्यावे, असे ठरले. तोच हा वसिका. पिढ्यागणिक वाटण्या होत काहींच्या वाट्याला मोजके रुपये उरले. आपल्याकडील वतनांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. मात्र तिच्या मुळाशी निदान कोणाचे तरी पैसे होते.

याच शहरात प्रजासत्ताकाच्या काळात एक नवे वतन निर्माण झाले, आणि त्याच्या मुळाशी काहीच नव्हते. उत्तर प्रदेशच्या १९८१ च्या अधिनियमानुसार मंत्र्याला पदावर असेपर्यंत व त्यानंतर केवळ १५ दिवस सरकारी निवासस्थान मिळे. तरीही १९९७ मध्ये शासनाने नियम करून माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात बंगले दिले. नियमाने अधिनियमाची मर्यादा ओलांडू नये, हे प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यालाही शिकवले जाते. असे असूनही ही नस्ती पायरी-पायरीने वर गेली व मंजूर होऊन आली. प्रशासनाच्या अभ्यासकाला बंगल्यांपेक्षा त्या नस्तीविषयी अधिक कुतूहल वाटावे.

तिला आव्हान दिले ते लखनौच्या 'लोक प्रहरी' या नागरिक संस्थेने. तिचे सरचिटणीस एस. एन. शुक्ल हे निवृत्त सनदी अधिकारी. मोर्चा वा उपोषण हा या संस्थेचा मार्ग नव्हे. अधिनियम, नियम व शासननिर्णय शेजारी ठेवून वाचणे, हेच तिचे सामर्थ्य. दोषी ठरलेल्या आमदार-खासदारांना अपिलाच्या आधारे पदावर राहू देणारी लोकप्रतिनिधित्व कायद्यातील तरतूद १० जुलै २०१३ रोजी रद्द झाली, त्या प्रकरणातही लिली थॉमस यांच्यासह ही संस्था याचिकाकर्ती होती.

बंगल्यांची याचिका २००४ ची; निकाल लागला १ ऑगस्ट २०१६ रोजी. १९९७ चे नियम अवैध ठरले. त्यावर विधिमंडळाने अधिनियमच दुरुस्त करून तहहयात निवास पुन्हा बहाल केला! महाराष्ट्रात विधिमंडळाने कायदे करून वतने खालसा केली होती; येथे कायदा करून वतन दिले गेले. लोक प्रहरी पुन्हा न्यायालयात गेली. ७ मे २०१८ रोजी न्या. रंजन गोगोई व न्या. आर. भानुमती यांनी समतेच्या तत्त्वावर ही दुरुस्तीही रद्द केली: पद सोडलेली व्यक्ती ही सामान्य नागरिकच होय.

त्याआधी तीनच आठवडे माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याच संस्थेची याचिका फेटाळली गेली होती. तो विषय संसदेच्या अखत्यारीतला ठरला. बंगले मात्र रिकामे झाले, आणि लखनौच्या निकालाचा आधार घेत पाटणा उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बिहारच्या माजी मुख्यमंत्र्यांची तहहयात निवासाची सोयही रद्द केली.